'पात्रे' या एका पानासाठी

आदरणीय काका,
सा. न.

ऋणनिर्देशात नाव घालायला तुम्ही साफ नकार दिलात. ‘प्रुफं वाचली, पैसे मिळाले, विषय संपला.’ बरं, नाव इथेही घेत नाही. पण आभार चारचौघांत मानणार म्हणजे मानणार.

माझ्या दोन अंकी नाटकातलं ‘पात्रे’ हे पान रीतीप्रमाणे रेशनकार्डासारखं लागलं होतं. आधी अण्णा, मग मुलगे, मग सुना आणि तळाला स्वयंपाकाच्या यमुनाबाई. तुम्ही समासात शिसपेन्सिलीने एवढंच लिहिलंत : ‘पडदा उघडल्यावर आधी कोण दिसतं?’

यमुनाबाईच! वाड्याची किल्ली त्यांच्या कनवटीला, पहिलं वाक्यही त्यांचंच. त्या वर गेल्या आणि सगळी यादी प्रवेशानुसार लागली. वाचणाऱ्याला आता नावं भेटतात ती माणसं भेटतील त्याच क्रमाने.

मग चहा घेताना तुम्ही थेट शेक्सपिअरवर घसरलात. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील आवृत्तीत, ३६ नाटकं, त्यातल्या फक्त ७ नाटकांना पात्रांची यादी, तीही नाटक संपल्यावर छापलेली. ‘ऑथेल्लो’च्या यादीत पुरुष आधी, बायका नंतर, त्यामुळे नायिका डेस्डेमोना बिचारी खलाशी आणि विदूषक यांच्याही खाली. आणि इयागोच्या नावापुढे सरळ ‘खलनायक’! ‘शेवटी छापलं म्हणून खपलं,’ तुम्ही म्हणालात, ‘तुझं पान पहिल्या अंकाच्या आधी येतं.’ आणि तिथल्या तिथे शरदच्या नावापुढचं ‘अण्णांचा थोरला मुलगा’ खोडून टाकलंत. जे दुसऱ्या अंकात कळायचं, ते यादीतच सांगून टाकायचं कशाला? आता तिथे ‘पाहुणा, वय पन्नाशीचं’ आहे. मला तर ते नाटकातल्या काही संवादांपेक्षा जास्त आवडतं.

पानाच्या तळाशी ‘पुरुष ४, स्त्री ३’ ही ओळही तुमचीच. नावं सरमिसळ झाली की मोजत बसावं लागतं. राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता शोधणारी हौशी मंडळी दुकानात उभ्या उभ्या आधी हेच बघतात : आपल्याकडे तीन बायका आहेत का? नसतील तर पुस्तक परत फळीवर. नाटक कितीही चांगलं असो.

एक मात्र अजून पटलेलं नाही. फोनवरचा वकील फक्त ऐकू येतो, रंगमंचावर येतच नाही. म्हणून तुम्ही त्याला यादीत शेवटी टाकलंत. अहो, तो बोलतो तिसऱ्या पानावर, शरदच्या कितीतरी आधी! ‘जो प्रवेशच करत नाही, त्याला प्रवेशानुसार कुठे बसवू?’ या तुमच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. दुसरी आवृत्ती निघालीच, तर यावर निवांत भांडू. चहा माझ्याकडून.

आपली,
यमुनाबाईंची लेखिका