आमचा पाझर तलाव वाचवणाऱ्या साहेबांना

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. निवृत्तीनंतर एक रुपयाही न घेता तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते चार लोकांना कळलंच पाहिजे.

आमचा तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. सुकडीवर दिवस काढत माझ्या आजीने याच बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या. आमच्या पुरंदरात पाऊस बेताचा. सीताफळ, अंजीर, वाटाणा, जे काही पिकतं ते विहिरींवर, आणि आमच्या शिवारातल्या विहिरी या तलावावर. म्हणून गेल्या पावसाळ्यात बांधाच्या पायथ्याला पाणी दिसलं तेव्हा गावाची झोप उडाली. खाली वस्ती आहे. अर्ज दिला होता, पण पाहणीला कुणी येईना. बांध फोडून पाणी सोडून द्या, इथपर्यंत बोलणं गेलं होतं.

तुम्ही आलात, चिखलात उकिडवे बसलात आणि काचेचा ग्लास मागितलात. पाझराचं पाणी त्यात धरून उजेडात निरखलंत. म्हणालात, "मातीचा बांध थोडा पाझरणारच. पाणी नितळ आहे तोवर नुसतं लक्ष ठेवा. गढूळ झालं की समजा, आतली माती निघून चाललीय." त्या दिवसापासून पोरं रोज सकाळी ग्लास भरून बघू लागली.

आणि एका सकाळी, वाळलेल्या बाभळीच्या बुंध्यापाशी, पाणी गढूळ आलं. आमची माणसं चिकणमाती घेऊन भोक बुजवायला धावली होती. तुम्ही फोनवरच थांबवलंत, तासाभरात स्वतः हजर झालात. आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर दगड. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. तोंड बंद केलं असतं तर पाण्याने आतल्या आत दुसरी वाट काढली असती, हे तेव्हा समजलं. दुपारपर्यंत पाणी नितळ झालं.

पण मला सगळ्यात जास्त ऋण वाटतं ते सांडव्याचं, म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी बाहेर जायला ठेवलेल्या वाटेचं. जास्त पाणी साठावं म्हणून काही जण तिथे वाळूच्या गोण्या रचणार होते. तुमचा आवाज चढलेला तेव्हाच ऐकला. मातीच्या बांधावरून पाणी गेलं तर तो काही तासांत वाहून जातो, हे तुम्ही म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पटवलंत. पुढच्याच आठवड्यात मोठा पाऊस झाला आणि सांडवा दिवसभर धो धो वाहिला.

उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बाभळी मुळांसकट काढून घेतल्यात, खड्ड्यांत काळी माती पातळ थरांनी भरून, पाणी शिंपडून प्रत्येक थर दाबून घेतलात. गाळ उपसताना बांधालगत पोकलेन येऊ दिला नाहीत.

आमच्याच तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्ध्या एकराचं पाणी आणि ऊस नाही, हा हिशेब आम्ही लहानपणापासून ऐकलेला. पाणी वाटून घ्यावं हे ठाऊक होतं. ते धरून ठेवणारी माती कशी राखावी, हे मात्र तुमच्याकडून शिकलो.

साहेब, मनापासून आभार. वाटाणा तोडणीला आलाय. वहिनींना घेऊन या, गाडी पाठवतो. सांडव्याच्या डाव्या भिंतीला एक बारीक भेग दिसतेय, तीही आल्यावर दाखवायची आहे.

आपला,
तलावाखालचा एक शेतकरी