चहा कुणाबरोबर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिरोली, गोकुळ शिरगावात कारखान्यांच्या गेटावर ‘हेल्पर पाहिजेत’च्या पाट्या बारमाही झाल्यात. सोबत ‘हल्लीच्या पोरांना कामच नको’ हे रडगाणं. मी ३१ वर्षं फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात काढली, त्यातली १४ सुपरवायझर म्हणून. भट्टीच्या धगीला कंटाळून गेलेली पोरं बघितलीत, पण आमच्यासारख्यांना कंटाळून गेलेली जास्त.

माझ्या शिफ्टला २२ माणसं. त्यांतली ‘माझी’ चौघं. ओव्हरटाइम आधी त्यांना, जत्रेची सुट्टी त्यांना, दहाचा चहा त्यांच्याबरोबर. बाकीच्यांना नुसता हुकूम. शाहू महाराज अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात मुद्दाम चहाला जायचे, हे दर २६ जूनला मीच रंगवून सांगायचो! माझा कप कुठवर फिरतो, ते काही सुचलं नाही.

एका पावसाळ्यात एकाच शिफ्टला ३८ नग ब्लो होलनं गेले. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालेलं. ओल्या साच्यात रस ओतला की वाफ कोंडते आणि कास्टिंगला भोकं पडतात. वाळू कालवायच्या मिक्सरवरच्या हेल्परला मी चारचौघांत झाडलं. तो शांतपणे म्हणाला, “मुठीत दाबली तवाच कळलं हुतं मला.” मग बोलला का नाहीस? “तुमी कवा काय इचारलंय?” रिपोर्ट लिहिताना त्याचं नाव मला हजेरीपुस्तकात शोधावं लागलं. सात महिने तो माझ्या हाताखाली होता.

पुढं मुलीच्या एमबीएच्या पुस्तकात हेच निघालं. डान्सेरो, ग्रेन आणि हागा यांनी १९७५ साली अमेरिकेत मांडलं होतं की, एकच साहेब सगळ्यांशी सारखा वागत नाही. काहीजण आतल्या गोटात, त्यांच्यावर विश्वास. बाकीच्यांशी नेमून दिलेल्या कामापुरतं, मग तीही माणसं तेवढंच देतात. ग्रेन यांनीच १९९५ मध्ये मेरी उल-बीन यांच्यासोबत लिहिलं की, जवळ येण्याची संधी साहेबानं प्रत्येकाला द्यावी. जमेल न जमेल, हात पुढं करायचा. मुलगी वाचत होती आणि मला ते ३८ नग दिसत होते.

त्या प्रकारानंतर मी चहा घेऊन मिक्सरवर जायला लागलो. पहिले पंधरा दिवस गडी नुसता “हं” म्हणायचा. माझी चौघं फुगली, ते वेगळंच. तिसऱ्या आठवड्यात त्यानं आपणहून हाक मारली, “अण्णा, आज वाळू कोरडी हाय, बघा जरा.”

मालकांना एवढंच सांगणं, नवी पाटी लावण्याआधी हजेरीपुस्तकं काढा. वर्षभरात सोडून गेलेली पोरं कोणत्या सुपरवायझरच्या हाताखाली होती, ते मोजा. मिक्सरच्या त्या दिवसाआधी कुणी मोजलं असतं, तर सगळ्यात मोठा आकडा माझ्या नावापुढं निघाला असता.

– एक निवृत्त सुपरवायझर, उद्यमनगर, कोल्हापूर