मधुमेही रुग्णाचा ताप आणि लाल डोळा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली की वर्तमानपत्रांतून सूचना येतात: हात धुवा, रुमाल वेगळा ठेवा, आठवडाभरात बरे होते. सूचना योग्यच आहेत, पण एक इशारा त्यांत राहून जातो. मधुमेह आहे, थंडी वाजून ताप येतो आहे आणि एका डोळ्याने अचानक धूसर दिसू लागले आहे, तर ते डोळे येणे समजून घरी बसू नये. यकृतात गळू होऊन तिथले जंतू रक्तावाटे डोळ्यात शिरलेले असू शकतात. अशी दृष्टी एक-दोन दिवसांतही कायमची जाते.

हा जंतू बहुधा क्लेब्सिएला न्यूमोनिए असतो. मधुमेही रुग्णांच्या यकृतातला हा संसर्ग डोळ्यांपर्यंत पोहोचतो, याकडे तैवानच्या डॉक्टरांनी १९८६ मध्येच लक्ष वेधले होते. त्याच्या काही जातींभोवती जाड, चिकट कवच असते. प्रयोगशाळेत कल्चर प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या ताटलीत, वाढलेली त्याची वसाहत लूपने (तारेच्या बारीक कडीने) उचलली तर ५ मिलिमीटरहून लांब तार निघते. या कवचामुळे पांढऱ्या पेशींना तो गिळता येत नाही, आणि साखर वाढलेली असली की त्या पेशी आधीच दुबळ्या झालेल्या असतात. डोळ्याच्या पडद्यामागच्या थरात रक्तपुरवठा भरपूर असतो. जंतू आधी तिथे रुजतो आणि मग आतल्या जेलीत पू करतो.

आपल्याकडे यकृतातले गळू म्हटले की आधी अमिबा आठवतो आणि त्यावरचे औषध मेट्रोनिडाझोल सुरू होते. क्लेब्सिएलावर ते चालत नाही. त्यामुळे अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी रक्त कल्चरला गेलेच पाहिजे, आणि सोनोग्राफीखाली पू काढला तर तोही. उलट्या दिशेनेही हेच लागू आहे: डोळ्याच्या आत पू दिसला, कारण सापडत नाही आणि रुग्णाला ताप किंवा मधुमेह आहे, तर त्याच दिवशी पोटाची सोनोग्राफी करावी. पोट दुखत नाही म्हणून ती टाळू नये. कित्येकदा डोळ्याची तक्रारच आधी येते.

साध्या साथीत चिकटा पुसला की नजर स्वच्छ असते. इथे पुसूनही धूसरच दिसते, डोळा ठणकतो, पापण्या सुजतात, आणि टॉर्च मारल्यावर बुबुळासमोर तळाशी पुवाची पांढरी रेघ दिसू शकते. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब सर्वांत घातक. लाली उतरते, घरचे निर्धास्त होतात आणि आत जंतू वाढत राहतो.

नुसते थेंब डोळ्याच्या मागच्या भागापर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. शिरेतून दिलेले औषधही पडद्याच्या रक्तवाहिन्यांतून आत कमीच झिरपते. यकृतासाठी ते कित्येक आठवडे लागतेच, पण डोळ्यात स्वतंत्र इंजेक्शन द्यावे लागते. आधी तपासणीसाठी जेलीचा ०.२ ते ०.३ मिलिलिटर नमुना घेतात. मग व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटरमध्ये, सिरिंज वेगवेगळ्या, कारण एकत्र केल्यास औषधांचा साका बसतो. दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर पुन्हा इंजेक्शन किंवा व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे ती जेलीच काढण्याची शस्त्रक्रिया.

वॉर्डातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना आमची आग्रहाची विनंती आहे. यकृतात पू झालेल्या प्रत्येक रुग्णाचा एकेक डोळा झाकून रोज बोटे मोजायला सांगा. दोन्ही उघडे असताना चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो आणि तापाने ग्लानीत असलेला माणूस तक्रारच करत नाही. रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर नेत्रतज्ज्ञाला बोलावून बाहुल्या मोठ्या करून पडदा पाहून घ्यावा. अँटिबायोटिक सुरू झाल्यावरही डोळा बिघडू शकतो, तेव्हा ताप उतरला म्हणून ही तपासणी थांबवू नये.

आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती: साथीच्या सूचनांची चौकट पुढच्या वेळी छापाल तेव्हा ‘ताप असताना एका डोळ्याने कमी दिसू लागल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे, मधुमेह असल्यास तासाभराचाही उशीर नको’ एवढे त्यात ठळक अक्षरांत घ्यावे.

आपले,
काही नेत्रतज्ज्ञ व फिजिशियन, पुणे