पोराने दिलेला शब्द

एडिनबरा, स्कॉटलंड
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाबा आणि माय,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

माय, आधी तुझं. पार्सल पोचलं. हळद धड आली, पण तिखटाची पुडी आत फुटली आणि सगळं स्वेटरला लागलं. तीनदा धुतला, तरी परवा वॉर्डात दोघींना शिंका आल्या. मी काही बोलले नाही. आंबाडीची भाजी मात्र पुरवून पुरवून खाते आहे.

बाबा, आता तुमचं. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं दादा ओरडून सांगतो, ते मी बोललेलं नसतंच. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर त्याने वरवर वाचून अंगठा पाठवला असता. म्हणून कागद घेतला. आज रविवार, सुट्टी आहे, दुपारी चारलाच बाहेर अंधार पडलाय, आणि पानठेल्यावर काकाजींनी तुम्हाला जे विचारलं ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. "तुमचा देव बोलते म्हन्ता, मंग आता काऊन नाई बोलत? अन् त्याले पोरगं कसं?" तुम्ही चहा पाजून त्यांना वाटेला लावलं आणि मला म्हणालात, तू शिकली आहेस, तू सांग. मी शिकले ते सलाईन लावायला, बाबा. पण सांगून पाहते.

खरं तर उत्तर तुमच्याचजवळ आहे. नाल्याकाठचं पाच एकर पोडावरच्या (वस्तीवरच्या) मामांना मक्त्याने दिलं होतं, त्या सालची गोष्ट. तुम्ही ती आम्हाला कितीदा सांगितली असेल, आणि दर वेळी आपण मॅट्रिकला नापास झालो हे हळूच गाळायचा प्रयत्न केलात. पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही, पऱ्हाटी उभ्या उभ्या वाळली. आबाजींनी मक्ता मागायला सालदाराला पाठवलं. तो निरोप घेऊन गेला, निरोप घेऊन आला: "दिवाळीनंतर पाहू म्हन्ते." पुन्हा पाठवलं, तर माणूस घरी नाही. मग आबाजींनी तुम्हाला पाठवलं. सालदाराला कधी कोणी बस म्हटलं नव्हतं, तुम्हाला बाज टाकली, वर गोधडी अंथरली. तुम्ही पाणी प्यालात आणि तुम्हाला गोठा दिसला. खुंटे दोन आणि बैल एक. सतरा वर्षांचे तुम्ही, तोंडून निघून गेलं, "यंदाचा मक्ता राहू द्या."

आणि मग आबाजींच्या भीतीने घरी न जाता गंजीमागे झोपलात. सकाळी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पोट्ट्यानं शबुद देल्ला ना? मंग तो म्याच देल्ला."

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राची पहिली दोन वचनं मी वाचते तेव्हा मला गंजीमागे झोपलेले तुम्ही दिसता. देव पूर्वी अंशाअंशांनी व प्रकाराप्रकारांनी पूर्वजांशी संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला, पण ह्या काळाच्या शेवटी तो पुत्राच्या द्वारे आपल्याशी बोलला आहे. हे पत्र मला आवडतं त्याचं एक कारण म्हणजे त्याच्या सुरुवातीला ना सलाम ना ख्यालीखुशाली, ना लिहिणाऱ्याचं नाव. थेट देवापासूनच सुरुवात. कोणी लिहिलं यावर फार जुना वाद आहे. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिगेन तर म्हणून गेला की ते देवालाच ठाऊक.

'अंशाअंशांनी' म्हणजे कसं, ते संडे स्कूलमध्ये आपण पाठच केलं होतं. मोशेला जळतं झुडूप. एलियाला वारा, भूकंप, अग्नी, आणि ह्या तिन्हींत देव नाही, मग एक बारीक, मंद आवाज. लहानगा शमुवेल रात्री हाक ऐकून तीनदा म्हाताऱ्या एलीकडे धावला. आमोस तर गुराखीच होता. यिर्मयाची गोष्ट तुम्हाला जास्त आवडायची, कारण देवाने त्याला मानेवर जू घेऊन लोकांपुढे जायला सांगितलं. (बलामाच्या बोलणाऱ्या गाढवीचं मी काकाजींना सांगणार नाही, ते वर्षभर पुरवतील.) ह्यातलं काही खोटं नव्हतं. सालदार खरंच मालकाचा माणूस असतो, निरोपही मालकाचाच असतो. पण त्याला दिलंय त्यापलीकडे तो एक पै सोडू शकत नाही. म्हणून संदेष्ट्यांच्या तोंडी सारखं येतं, "परमेश्वर असे म्हणतो." आणि डोंगरावर बसून येशू काय म्हणतो? "पण मी तुम्हांला सांगतो." ऐकणारे चकित झाले असं मत्तयाने लिहिलंय, ते उगाच नाही. दारात उभ्या माणसाने 'मालक म्हन्ते' सोडून 'मी म्हन्तो' म्हटलं, की घरातल्यांना कळतं, आता बाज टाकायला पाहिजे.

इब्रीच्या पत्रात पुढे लगेच शब्द येतो, 'वारस'. देवाने त्याला सर्वांचा वारस करून ठेवले. तलाठ्याकडे फेरफारासाठी तुम्ही जितके हेलपाटे घातलेत, तेवढे घातलेल्या माणसाला ह्या शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको.

मी हे रोज पाहते त्या कामावरून सांगते. आमच्या वॉर्डात लकव्याचे पेशंट असतात. सध्या एक म्हातारे मेंढपाळ आहेत, उजवी बाजू गेली आहे, वाचा गेली आहे, एकच शब्द उरलाय, तो रागातही तोच आणि आभारातही तोच. अंग ढिलं पडलेल्या माणसाचं ओझं काय असतं ते उचलल्याशिवाय कळत नाही. आम्ही यंत्राने उचलतो, तरी दोघी लागतो. म्हणून कफर्णहूमच्या त्या चौघांचं मला आता नवल वाटतं. गर्दीने दार बंद, तर लकव्याचा माणूस बाजेसकट छतावर नेला आणि छत उस्तरून खाली सोडला. लूक तर कौलं काढली म्हणतो, म्हणजे आपले कवेलूच समजा. घरमालक काय म्हणाला ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही! येशू त्या माणसाला आधी काय म्हणाला? 'ऊठ' नाही. "मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे." तिथे बसलेल्या शास्त्र्यांना ते लगेच खटकलं: देवाशिवाय पापांची क्षमा कोण करणार? मला तर वाटतं, सगळ्या घरात हिशेब त्यांनाच बरोबर कळला होता. मक्ता माफ करणारा एक तर मालक असतो, नाहीतर लबाड. सालदार नसतो.

देवाचं बोलणं म्हणजे हेच, असं मला म्हणायचं आहे. शब्द कमी, येणं जास्त. योहान सरळ लिहितो, शब्द देही झाला. तहानला, थकला, मित्राच्या कबरेशी रडला. ज्याने मला पाहिले त्याने पित्याला पाहिले, असं येशू आपल्या शिष्याला, फिलिप्पाला म्हणाला. इब्रीच्या पत्रात 'तत्त्वाचे प्रतिरूप' म्हणून जे आहे, तिथला मूळ ग्रीक शब्द नाण्यावर उठवलेल्या ठशाचा आहे. आबाजींचा अंगठा आठवतो ना, शाईत बुडवून दाबलेला? रेघ न् रेघ त्यांचीच.

आता काकाजींचं दुसरं: पोरगं कसं? त्यांना सांगा, बायको-लेकरं असं काही आम्हीही म्हणत नाही. हा घोळ त्यांचा एकट्याचा नाही, चर्चमध्येच फार मोठा झाला होता. आलेक्सांद्रियाचा अरियस नावाचा पाळक म्हणायचा की पुत्र थोर खरा, पण निर्माण केलेला. एक वेळ अशी होती की तो नव्हता. त्यावर इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने निकिया गावी बिशपांची सभा बोलावली. ते गाव आजच्या तुर्कस्तानात आहे. तिथे ठरलं: प्रकाशापासून प्रकाश, जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व. यंदा त्याला १७०० वर्षं झाली. सूर्य आहे तेव्हापासून त्याचं ऊन आहे, आधी सूर्य एकटा आणि मग ऊन असं होत नाही. तसा बाप, तसा पुत्र. काकाजी म्हणतील, म्हणजे अवतारच की. वाद घालू नका, पण एवढं सांगा, की आमच्या मते तो मनुष्य झाला तो झालाच. रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या अमलात मेला, पुन्हा उठला, आणि ते माणूसपण त्याने अंगरख्यासारखं काढून ठेवलं नाही.

आणि आपली गोष्ट एका जागी मोडते, तेही लपवत नाही. आबाजींनी शब्द पाळला, पण आठ दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. लहानपणी माझ्या मनात देवाचं चित्र तसंच होतं, वर कडक बाप आणि खाली मऊ मुलगा, मुलाने भीड घालायची आणि बापाने नाइलाजाने सोडायचं. पुष्कळ उपदेशांतूनही तसंच ऐकू येतं. पण योहानात लिहिलंय, पिता जे करताना पुत्राला दिसतो तेच तो करतो. म्हणजे खुंट्याला एकच बैल उरलाय हे आधी बापालाच दिसलं होतं. म्हणून तर मुलगा धाडला.

यरुशलेमात, मरणाच्या थोडेच दिवस आधी, येशूने मक्त्याची गोष्ट सांगितली ना. द्राक्षमळा खंडाने देऊन मालक परदेशी गेला (हे वाचताना मला दर वेळी हसू येतं). एका चाकराला ठोकलं, दुसऱ्याचं डोकं फोडलं, तिसऱ्याला मारलंच. शेवटी उरला एक प्रिय मुलगा. माझ्या मुलाचा तरी मान राखतील. राखला नाही. हा वारस आहे, ह्याला मारू म्हणजे वतन आपलं. सांगणाऱ्याला माहीत होतं की तो मुलगा आपणच. आणि त्याला मारलं तेव्हा तो काय बोलला? हे बापा, ह्यांना क्षमा कर. इब्रीच्याच पत्रात पुढे म्हटलंय की हे रक्त हाबेलाच्या रक्तापेक्षा उत्तम बोलते. भावाने मारलेल्या हाबेलाचं रक्त जमिनीतून न्याय मागत होतं. हे सूट देतं.

मग आता का बोलत नाही? खरं सांगू, रात्रपाळीला तीन वाजता कोणी गेलं की मलाही वाटतं, काहीतरी ऐकू यावं. येत नाही. पण पोडावरचे ते मामा तुमच्यानंतर पुन्हा विचारायला आले होते का, की खरंच माफ केलं ना? त्यांनी त्या पैशात दुसरा बैल घेतला आणि मृगात पेरलं. शब्द एकदा मिळाला होता. काकाजींना हे सांगा, बैलाचं त्यांना लगेच समजेल.

इथल्या चर्चबद्दल माय विचारते. बाई, बऱ्याच देवळांची घरं नाहीतर हॉटेलं झाली आहेत. माझ्या चर्चमध्ये सकाळी आम्ही पंचवीस-तीस, त्यात मी सगळ्यांत लहान. नागपूरला १८४५ साली आलेला मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्याच देशाचा. त्याचं डन्स गाव इथून लांब नाही, बर्फ वितळला की जाऊन येईन. शाळा काढली, दगड गोळा केले, गोंडांची गाणी ऐकून उतरवून घेतली, आणि १८६३ मध्ये घोड्यावरून नदी उतरताना वाहून गेला. तो आला म्हणून माझ्या हातात आज मराठी बायबल, असं सोपं गणित मी मांडत नाही. पण निरोप टपालाने न पाठवता स्वतः आला, एवढं खरं.

आता कामाचं. दादा म्हणत होता की यंदा सततच्या पावसाने सोयाबीन गेलं, तरी नाल्याकाठच्या वावराचा मक्ता राहिलाय आणि तो रोज फोन लावतो, समोरून उचलत नाहीत. बाबा, फोन बंद करायला सांगा. त्याला पाठवा. गाडीने नाही, धुऱ्या-धुऱ्याने चालत, म्हणजे वावर दिसेल. पाणी देतील ते पिऊ दे, गोठ्यात बघू दे. आणि तो जे बोलून येईल ते आपलं समजा. ह्या महिन्यात मी पाच हजार जास्त पाठवते आहे, ते कशासाठी हे दादाला आत्ताच सांगू नका.

इब्रीच्या पत्रवाल्याने तेरा अध्याय लिहून शेवटी म्हटलंय, मी थोडक्यात लिहिले आहे. माझंही तसंच समजा. पाळकसाहेबांना, पोडावरच्या मंडळीला आणि काकाजींना सलाम. बाबा, कानाचं मशीन पेटीत ठेवू नका.

तुमची,
बेबी