हिरव्या लॉगमागचा रिकामा बॅकअप

संपादक महोदय,

रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कामे चालवणारा प्रोग्राम) चालवलेली बॅकअपची स्क्रिप्ट, म्हणजे कमांडांची यादी, सकाळी ‘यशस्वी’ दिसली की कोणी आत डोकावत नाही. लिनक्सवर प्रत्येक कमांड संपताना एक्झिट कोड देते: 0 म्हणजे काम झाले, 1 ते 255 म्हणजे बिघडले. पण मधली कमांड पडली तरी बॅश (स्क्रिप्ट ओळीओळीने चालवणारा प्रोग्राम) निमूट पुढच्या ओळीवर जाते आणि शेवटच्या कमांडचा कोड तोच साऱ्या स्क्रिप्टचा निकाल ठरतो.

पाइपचेही (एका कमांडचे उत्तर थेट पुढच्या कमांडला देणारी जोडणी) तसेच. पासवर्ड बदलल्यामुळे मायएसक्यूएल या डेटाबेसचा डंप (साऱ्या माहितीची प्रत) सुरू होतानाच पडला, तरी पुढचे जीझिप (फाइल आवळून लहान करणारी कमांड) रिकाम्या हाताने 20 बाइटची फाइल बांधते आणि 0 कळवते. सात दिवसांपूर्वीच्या फाइली पुसणारी ओळ खाली असेलच, म्हणजे आठ-नऊ दिवसांत खरा बॅकअप एकही उरत नाही.

यासाठी स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट’च्या ओळीत ई (कमांड पडली की थांब), यू (न ठरवलेले व्हेरिएबल वापरले की थांब) आणि पाइपफेल (पाइपमधली कोणतीही कमांड पडली तरी चूक कळव) हे तिन्ही पर्याय हवेतच. मात्र ‘ई’वर सगळी भिस्त नको. ‘इफ’च्या अटीतली कमांड पडली तर तो गप्प बसतो. फंक्शनमध्ये ‘लोकल’ (फक्त त्या फंक्शनपुरते व्हेरिएबल घोषित करणारी कमांड) लिहून त्याच ओळीत कमांडचे उत्तर भरले, तर ‘लोकल’चा स्वतःचा 0 खरी चूक झाकतो; म्हणून घोषणा एका ओळीत आणि भरणा दुसऱ्या ओळीत करावा.

सर्वांत वाईट खोड म्हणजे कटकट नको म्हणून कमांडच्या शेवटी ‘ऑर ट्रू’ (पडली तरी 0 समज) चिकटवणे. ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) मजकूर सापडला नाही तर 1 येतो, फाइलच उघडली नाही तर 2. माफी द्यायचीच तर फक्त 1 ला द्यावी.

पुन्हा प्रयत्न करण्यालाही तारतम्य हवे. नेटवर्क तुटले तर 2, 4, 8 सेकंद थांबून तीनदा पाहणे ठीक. 127 म्हणजे कमांडच सापडली नाही (क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तोकडा असतो), तिथे शंभरदा चालवूनही काही होणार नाही. 137 म्हणजे 128 अधिक 9, प्रोसेस सक्तीने मारली गेली. आधी मेमरी तपासावी.

डंप आधी तात्पुरत्या नावाने लिहावा. जीझिपच्या स्वतःच्या चाचणीत ती 20 बाइटची फाइलही पास होते, तेव्हा फाइल उलगडून शेवटच्या ओळीत ‘डंप कम्प्लिटेड’ आहे का ते पाहावे. असेल तरच खरे नाव द्यावे, आणि जुन्या फाइली त्यानंतरच पुसाव्यात.

– एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर