हसवणाऱ्या उपऱ्याची दखल घ्यावी

महोदय,

भारतीय वंशाचे इंग्रजी लेखक जी. व्ही. देसाणी यांची ‘ऑल अबाउट एच. हॅटर’ ही पहिली आणि एकमेव कादंबरी १९४८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या रविवारच्या पुरवणीत तिच्यावर सविस्तर लेख यावा, अशी विनंती आहे. युरोपीय खलाशी बाप आणि मलायी आई यांच्या पोटी जन्मलेला हॅटर ना धड साहेब, ना धड देशी; ज्ञानाच्या शोधात तो एकामागून एक साधूंकडे जातो आणि प्रत्येक वेळी गंडवला जातो. मात्र देसाणींनी त्याच्या संमिश्र जन्माची कीव केलेली नाही. त्यांच्या विनोदाचा रोख शुद्धतेचा टेंभा मिरवणाऱ्यांवर आहे.

हे कोल्हापूरकरांनी तरी अवश्य वाचावे. आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार राजर्षी शाहू महाराजांनी याच संस्थानात १९१९ मध्ये दिला. तरीही अशा विवाहातील मुलांना आडनाव सांगताच ‘म्हणजे नेमके कोण?’ हा प्रश्न आजही, तोही चहाचा कप पुढे करत, विचारला जातो. मराठी कादंबरीत ही मुले बहुधा अश्रूंसह अवतरतात. प्रश्न विचारणाऱ्याचीच फिरकी घेणारा नायक नवोदित लेखकांनी लिहावा आणि प्रकाशकांनी हॅटरच्या मराठी अनुवादाचे धाडस करावे. त्याची मोडकीतोडकी, ऐटबाज इंग्रजी पेलायला आपली कोल्हापुरी बोली पुरेशी खट्याळ आहे.

– एक वाचक, कोल्हापूर