रविवारी जायकवाडीला पक्ष्यांचे फोटो काढायला येणाऱ्या चष्मेवाल्यांसाठी

मंडळी, पैठणला निघायच्या आधी घरीच कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून बघतो ती खिडकी) बाजूचं ते बारकं डायऑप्टरचं चाक (आतलं चित्र आपल्या डोळ्याच्या नंबराला जुळवणारं) सेट करून घ्या, तिथं धरणावर उन्हात खटपट करत बसलं की पक्षी काय थांबत नसतात. समोरच्या सीनकडं नाही, आतले आकडे अन् फोकस पॉइंट बघत फिरवायचं, ते ठळक दिसले की झालं. बऱ्याच डीएसएलआरला -३ ते +१ एवढीच रेंज असती, त्यामुळं नंबर मोठा असला किंवा सिलिंडरचा, म्हंजी दृष्टिवैषम्याचा, असला (तो या चाकानं जातच नाही) तर चष्मा घालूनच सेट करा. प्रोग्रेसिव्हवाल्यांनी (लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्यांनी) काचेच्या वरच्या भागातून बघा. अन् फोटोच ब्लर येत असतील तर या चाकाला शिव्या देऊ नका, ते फक्त आपल्या डोळ्यापुरतं हाय! आयकपचं (व्ह्यूफाइंडरभोवतीचं) रबर फाटलं असल तर बदला, चष्म्याच्या काचेला चरे पडतेत.